दुधाळ्याच्या वेधशाळेचं सॉफ्टवेअर कोणाच्या हाती?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेल्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अशी वेधशाळा काही दशकं चालायची असते, आणि तिचा कणा सॉफ्टवेअर असतं. लहरींच्या विश्लेषणाची साधनं शास्त्रज्ञांनी ओपन सोर्स ठेवली आहेत. पण ती ज्या लिनक्सवर, ज्या डेटाबेसवर चालतात, त्यांच्या अटी कोण ठरवतं, हे आत्ताच तपासायला हवं. सेंटओएस ८ या मोफत लिनक्सला २०२९ पर्यंत आधार मिळेल या भरवशावर अनेक संस्थांनी ते आपल्या सर्व्हरवर बसवलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये त्यामागच्या रेड हॅट कंपनीने ती मुदत थेट २०२१ च्या अखेरीवर आणली. मग २०२३ मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने सर्व्हर उभारणीच्या ‘टेराफॉर्म’ या साधनाचा परवाना आवळला, २०२४ मध्ये रेडिस कंपनीने आपल्या ‘रेडिस’ डेटाबेसचा.

परवाना आवळणाऱ्या कंपन्यांचं म्हणणं असं, की कोड आम्ही लिहायचा आणि बड्या क्लाउड कंपन्यांनी तो सेवा म्हणून विकून कमवायचं, हे किती दिवस चालणार? तक्रार खरी आहे. रेडिस स्वतःपुरतं चालवणाऱ्याला त्या बदलाची लगेच झळही बसली नाही. तरीही मुक्त परवान्याच्या विश्वासावर बाहेरच्यांचे श्रम आणि वापरकर्ते मिळवायचे, आणि जम बसल्यावर अटी बदलायच्या, हे न्याय्य नाही. पुढे जे घडलं ते जास्त बोलकं आहे. रेडिसचा आधीचा मुक्त कोड घेऊन लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘वॅल्की’ काही दिवसांत उभं राहिलं, आणि मे २०२५ मध्ये रेडिसने पुन्हा मुक्त परवान्याचा पर्याय दिला. सेंटओएसची जागा घ्यायला अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आले. सर्न आणि फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांनी अल्मालिनक्स स्वीकारलं. म्हणजे नुसता परवाना पाहून भागत नाही. प्रकल्पाची सूत्रं एकाच कंपनीकडे नसावीत, आणि वेळ आली तर कोड घेऊन वेगळं होता येईल एवढी जाणकार माणसं पदरी असावीत.

त्यापेक्षा सगळं क्लाउडवर भाड्याने घ्यावं, असं कोणी म्हणेल. पण तिथे अटी बदलल्या तर हाती कोडही उरत नाही. म्हणून खर्च माणसांवरच करायला हवा. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतून आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून शिकलेली मुलं हे काम शिकू शकतात. त्यांच्यासाठी दुधाळ्यात कायम पदं हवीत, आणि त्यांची तरतूद बांधकाम चालू असतानाच व्हायला हवी.