रुग्णाचा पत्ताही वाचायला शिकवा

१ जुलै हा डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्मदिवस आणि स्मृतिदिनही. या दिवशी देशभर डॉक्टर दिन साजरा होतो. डॉक्टरांविषयी कृतज्ञता व्यक्त व्हायलाच हवी. मात्र याच दिवसांत विदर्भात कपाशीची लागवड चालू असते आणि दोन-तीन महिन्यांत तिच्यावर फवारण्या सुरू होतात. उद्याचे डॉक्टर कसे घडवायचे, हा प्रश्न त्या शेताच्या बांधावरून विचारला पाहिजे.

२०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला लागली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येत होता. हातमोजे नव्हते, मास्क नव्हता, आणि पंपात दोन-तीन कीटकनाशके एकत्र कालवलेली. अशा रुग्णाला अॅट्रोपिन द्यायचे, हे इंटर्नला पाठ असते. परंतु ते मुख्यतः ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या विषांवर चालते. पंपातल्या प्रत्येक रसायनावर उतारा असतोच असे नाही. म्हणून सोबत आलेल्या माणसाला विचारावे लागते : डबा कुठला होता, कशात काय मिसळले, फवारा किती तास चालू होता? आणि त्याहून महत्त्वाचे, त्याच शेतात उद्या कोण फवारणार आहे? हा शेवटचा प्रश्न विचारणारा डॉक्टर आणखी एक जीव वाचवू शकतो. तो विचारायला आपण शिकवतो का?

पर्यावरण अभ्यासक्रमात नाही, असे कुणी म्हणू शकणार नाही. पाणी, हवा, सांडपाणी हे सारे प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्रात (पीएसएम) आहे. पण विद्यार्थी ते परीक्षेपुरते वाचतो आणि मेडिसिनच्या वॉर्डात पाऊल टाकताच मागे सोडतो. केसपेपरवर पत्ता आणि व्यवसाय लिहिला जातो. त्यावर चर्चा मात्र क्वचितच होते. खरे तर पत्ता बरेच काही सांगतो. पुण्यात २०२५च्या जानेवारीत गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा त्यांच्यातले बरेच जण सिंहगड रस्त्याच्या परिसरातले होते आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरीत काजूच्या हंगामात ताप घेऊन येणाऱ्याला जंगलात माकडे मेली आहेत का, हे विचारले नाही, तर माकडतापाचे निदान लांबते.

आपल्या परंपरेला हे परके नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे अख्खे जनपद उजाड करणाऱ्या रोगांचा विचार आहे. त्याची कारणे तिथे वायू, जल, भूमी आणि काल यांच्या बिघाडात शोधली आहेत. आज बिघडलेल्या काळाला आपण हवामानबदल म्हणतो. २०२३च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानात भर उन्हातल्या जाहीर सोहळ्यात उष्माघाताने माणसे गेली, तेव्हा त्याचा अर्थ महाराष्ट्राने पाहिला.

रुग्णाचा परिसर वाचायला शिकवण्यासाठी आणखी एक स्वतंत्र विषय, आणखी एक पेपर नको, असे आमचे स्पष्ट मत आहे. आधीच वाकलेल्या विद्यार्थ्यावर ते ओझे होईल आणि विषय पुन्हा एका विभागात कोंडला जाईल. भूलशास्त्र शिकवताना डेस्फ्लुरेन हा वायू हवेला किती तापवतो आणि स्कॉटलंडने तो वापरातून का काढला, हे सांगायला पाच मिनिटे लागतात. बालरोग विभागात दम्याच्या मुलाची तपासणी करताना घरातल्या चुलीची आणि शेजारच्या वीटभट्टीची चौकशी व्हावी. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कुटुंब दत्तक उपक्रमामुळे विद्यार्थी पहिल्या वर्षापासून गावात जातातच. रक्तदाब मोजून परतण्याऐवजी त्यांनी विहीर, नाला आणि फवारणीचा पंपही पाहावा.

परीक्षेत गुण नाहीत ते विद्यार्थी शिकत नाही, हे प्रत्येक अध्यापक जाणतो. त्यामुळे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने प्रात्यक्षिक परीक्षेतल्या लाँग केसमध्ये रुग्णाचे राहणे, काम आणि पाणी यांवरच्या प्रश्नांना ठरावीक गुण द्यावेत. त्याला नवी इमारत लागत नाही, नवे पदही लागत नाही. परीक्षकांना एक लेखी सूचना पुरेल, आणि ती येत्या परीक्षेपूर्वी निघू शकते.