फाशी नको, जन्मठेप पुरी हवी

आपल्या मोहल्ल्यांत फाशीची चर्चा नाव बघून होते. आरोपी आपल्यातला असला की आपण पुराव्यातल्या त्रुटी मोजतो. तो दुसऱ्यांतला असला की ‘चौकात लटकवा’ म्हणणाऱ्यांत आपलाही आवाज असतो. बहुसंख्याक समाज हेच उलट बाजूने करतो. मग त्याला दुटप्पी कोणत्या तोंडाने म्हणायचे?

माझा विरोध कोणाच्याही फाशीला आहे. न्यायाच्या खुर्चीवर माणूस बसतो आणि माणूस चुकतो. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक जीव गेले. २०१५ साली विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, तो भाग वेगळा.

कोणी म्हणेल, चूक सुधारायला वरची न्यायालये आहेतच! मग नाशिकचे २००३ सालचे दरोडा, खून व बलात्काराचे प्रकरण पाहा. आरोपी सहा, भटक्या जमातींतले; आपल्या कौमचा एकही नाही. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. दरम्यान दोर ओढला गेला असता, तर ही भरपाई कोणाच्या कबरीवर, कोणाच्या चितेवर ठेवली असती?

काही मित्र किसासचा दाखला देतात. कुरआनात किसास आहे, तशीच वारसांनी माफ करून दियत घेण्याची वाटही आहे. संशय असेल तिथे हद्द लावू नये, हा फिकहचा जुना नियम आहे. आपल्या देशाच्या कायद्यात माफीचा हक्क वारसांच्या हाती नाही. मग अर्धा किसास उचलून सरकारी फाशीचे समर्थन कसे करता?

आता सर्वांत कठीण प्रश्न, बिल्किस बानोचा. २००८ साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. तिघांना फाशी द्या, ही सीबीआयची मागणी उच्च न्यायालयाने २०१७ साली फेटाळली. तेव्हा सूड नको, न्याय हवा, हे खुद्द बिल्किसने जाहीर सांगितले. तिच्यावर पुन्हा अन्याय झाला तो १५ ऑगस्ट २०२२ रोजी. गुजरात सरकारने त्या अकरा जणांना मुदतीआधी सोडले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली आणि ते पुन्हा तुरुंगात गेले.

म्हणजे निर्दोष आत गेला तर बाहेर काढता येतो, दोषी बाहेर आला तर आत टाकता येतो. जन्मठेपेत दोन्ही चुका दुरुस्त होतात. फाशीत एकही होत नाही.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा गैरसमज आहे. कायद्याने तिचा अर्थ उरलेले सारे आयुष्य असाच आहे. सूट न देता जन्मठेप देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मान्य केले आहे. आपण मागायचे ते हेच. पुढच्या मोर्चात फाशीची घोषणा उठेल तेव्हा, आरोपीचे नाव काहीही असो, आपण तिला साथ देऊ नये. पक्का पुरावा, गरिबाला चांगला वकील आणि पुरी जन्मठेप, एवढे मागावे.