मातीकामाचे अंदाजपत्रक पावसाळा धरून व्हावे

कोकण रेल्वेच्या रोहा ते वीर या टप्प्याचे दुहेरीकरण २०२१ मध्ये पूर्ण झाले आणि उरलेल्या मार्गाच्या दुहेरीकरणाची मागणी जोर धरत आहे. मात्र या चर्चेत पूल आणि बोगदे यांचाच बोलबाला असतो आणि मातीकामाकडे, म्हणजे डोंगर कापून व सखल जागा भरून रुळांसाठी पाया तयार करण्याच्या कामाकडे, क्वचितच लक्ष जाते.

कोकण रेल्वेचा चढ दीडशे मीटरमागे एक मीटर या मर्यादेत ठेवलेला असल्याने सह्याद्रीतून समुद्राकडे धावणाऱ्या डोंगरसोंडा आणि त्यांमधील खाड्या ओलांडताना उंच भराव व खोल कटाई अटळ ठरते. माथ्यावर सात मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना उंचीच्या दुप्पट पसरणारा भराव पाच मीटर उंच असेल, तर दर मीटर लांबीला ८५ घनमीटर माती लागते. उंची दहा मीटर झाली की हाच आकडा २७० वर जातो, म्हणजे उंची दुप्पट होताच माती तिपटीहून अधिक लागते. कटाईतील माल जवळच्या भरावात वापरता आला तर खर्च वाचतो. परंतु वाहतुकीचे अंतर, ज्याला कंत्राटाच्या भाषेत ‘लीड’ म्हणतात, वाढले की दरही चढतो. त्यातच फोडलेला कातळ मोकळा होऊन फुगतो, चिकणमाती भरावासाठी निरुपयोगी ठरते आणि खाडीकाठच्या मऊ गाळावर टाकलेला भराव खचत राहिल्याने पुन्हा माती टाकावी लागते.

खरी कसोटी कटाईच्या उताराची असते. उतार उभा ठेवला की खोदाई आणि भूसंपादन दोन्ही कमी होतात, म्हणून अंदाजपत्रकात तो स्वस्त दिसतो. परंतु वरच्या सच्छिद्र जांभ्यातून झिरपणारे पाणी खालची चिकणमाती भिजवते, तिची पकड सुटते आणि दरड रुळांवर येते. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ कटाईतून कोसळलेल्या दगडांवर गाडी आदळून ५० हून अधिक प्रवाशांचा बळी गेला आणि १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांमुळेच घसरली. त्यानंतर उतार सौम्य करणे, जाळ्या बसवणे, पावसाळ्यात वेग कमी ठेवणे हे उपाय झाले. म्हणजेच मूळ खोदाईत वाचलेला पैसा पुढे व्याजासकट मोजावा लागला, आणि गेलेल्या जिवांची भरपाई तर कोणत्याच खर्चाने होणार नव्हती.

म्हणूनच दुहेरीकरणाच्या अंदाजपत्रकात कटाईच्या माथ्यावरील पाणी अडवून वळवणारी गटारे, सौम्य उतारासाठी लागणारी जादा जमीन, भूगर्भाची पुरेशी छिद्र-तपासणी आणि पुढील पावसाळ्यांतील देखभाल या बाबी सुरुवातीपासूनच धरल्या पाहिजेत. निविदा मंजूर करताना सर्वांत कमी आकड्याऐवजी दीर्घकाळात कमी खर्चाचा ठरणारा आराखडा निवडणे, हीच कोकणच्या प्रवाशांप्रती प्रशासनाची प्राथमिक जबाबदारी आहे.