बोगस कोण ते ग्रामसभेत ठरवू



होळी झाल्यापासून आपल्या पाड्यांवर एक कुजबुज सुरू आहे. अमक्याला अपंगाचे पैसे मिळतात पण तो तर चालतो-फिरतो. तमकीचा दाखला बोगस आहे, पैसे देऊन आणलाय. बाजाराच्या दिवशी, जीपमध्ये, किराणा दुकानावर, सगळीकडे हेच. दोन पाड्यांवरून तर तहसीलला निनावी अर्ज गेले. त्यातल्या एका पोराचं संजय गांधी निराधारचं अनुदान चौकशी होईपर्यंत थांबवलंय.  एवढ्या पैशात काय होतं असं ज्याला वाटतं त्याने त्या पोराच्या आईला जाऊन विचारावं.

हा पोरगा सिकलसेलचा रुग्ण आहे, एसएस. होळीच्या रात्री त्याने ढोल वाजवला. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि तोच पुरावा म्हणून फिरवला. ढोल वाजवतो तो अपंग कसा, हा सवाल. त्या रात्रीनंतर नऊ दिवस तो खाटेवर होता. सांधे सुजलेले, कंबरेत कळा, शेवटी रक्त चढवायला न्यावं लागलं. त्याचा व्हिडिओ मात्र कुणी काढला नाही.

सिकलसेल आपल्या सातपुड्यात नवीन नाही, प्रत्येक पाड्याला माहीत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, तिथे रक्त पोचत नाही आणि माणूस कळांनी लोळतो. थंडी लागली, पाणी कमी प्यायलं, जास्त राबलं की दुखणं उठतं. काहींचा खुब्याचा सांधा कायमचा खराब होतो. पण दुखणं नसेल त्या दिवशी तोच माणूस तुमच्या-आमच्यासारखा दिसतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलं आहे, त्यात सिकलसेल आहे. आधीच्या 1995 च्या कायद्यात तो नव्हता. म्हणजे आपल्या आजाराला कायद्यात जागा मिळायला इतकी वर्षं लागली, आणि ती मिळाली तर आता आपणच म्हणतोय की हे खोटं आहे.

एक गोष्ट इथे साफ सांगतो. जो फक्त वाहक आहे, म्हणजे एएस, त्याला हा दाखला मिळत नाही आणि त्याने मागूही नये. रुग्ण आणि वाहक यातला फरक आपल्यातल्या पुष्कळांना कळत नाही, त्यातूनही अर्धी भांडणं होतात. "माझ्या पोरालाही सिकल आहे, मग त्यालाच का?" असं विचारणारी बाई वाईट नसते. तिला कुणी नीट समजावलेलं नसतं.

बोगस हा शब्द आपल्याला कुठून लागला? 2024 मध्ये सनदी सेवेत निवड झालेल्या एका बाईचं अपंग दाखल्यावरून मोठं प्रकरण गाजलं, यूपीएससीने 31 जुलैला तिची उमेदवारी रद्द केली. टीव्हीवर महिनाभर तेच चाललं. मोठ्या घरातल्या, मोठ्या खुर्चीच्या भांडणातला संशय घाट चढून आपल्या पाड्यावर आला आणि काठी टेकत चालणाऱ्यांच्या मागे लागला. आपण खोट्या जात दाखल्यांविरुद्ध लढलो ते बरोबरच केलं. 6 जुलै 2017 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही. पण ती लढाई आपलं बळकावणाऱ्यांशी होती. खाटेवरच्या पोराशी कसली लढाई?

आणि आपल्यालाही बोगस म्हटलं गेलंच आहे, ते विसरू नका. वनहक्काचे दावे टाकले तेव्हा आपण अतिक्रमणदार होतो, पुरावा नाही म्हणून खोटे दावेदार होतो. 13 फेब्रुवारी 2019 ला कोर्टाने दावा नामंजूर झालेल्यांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला, 28 फेब्रुवारीला तो थांबवला. ते पंधरा दिवस आपल्या घरात कशी झोप लागली ते आठवा. कागद नाही म्हणजे माणूस खोटा, हे आपण तेव्हा मान्य केलं नाही.

आम्ही पाड्यांवर फिरतो तेव्हा आम्हाला बोगस कमी आणि दाखला नसलेले जास्त भेटतात. जिचे दोन्ही डोळे गेलेत अशी म्हातारी. जन्मापासून न बोललेली मुलगी, जिचं नाव कुठल्याच यादीत नाही. कंबरेखाली लुळा झालेला, गुजरातेत ऊसतोडीला गेला होता तो माणूस. दाखल्यासाठी त्याला झोळीत घालून रस्त्यापर्यंत उतरवायचं, जीप ठरवायची, जिल्ह्याला जायचं. तिथे कळतं, आज बोर्ड नाही, पुढच्या आठवड्यात या. दुसऱ्यांदा झोळी धरायला चार माणसं मिळत नाहीत. दाखला 40 टक्क्यांच्या वर आला तरी मग उत्पन्नाचा दाखला (घरचं वर्षाचं 50 हजारांच्या आत), बँक खातं, आधार, आणि दरवर्षी हयातीचा दाखला. राबून राबून बोटं घासलेल्याचा अंगठा मशीनवर उठत नाही. माणूस समोर बसलेला असतो आणि तो जिवंत आहे का ते मशीन ठरवतं.

आता खोटं अजिबात नाही असं आम्ही म्हणत नाही. दलाल आहेत. पैसे घेऊन कागद करून देणारे आहेत, आणि दुकान-मोटरसायकल असलेला धडधाकट माणूस ओळखीवर पैसे उचलतो हेही घडतं. त्यासाठी कायद्यात कलम 91 आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार जरूर करा, पण नाव घालून करा, आणि दलालाचं नाव आधी घाला. ते कुणी घालत नाही, कारण दलाल उद्या आपल्याही कामाला लागतो.

पेसा कायद्याने योजनांचे लाभार्थी निवडायचं काम ग्रामसभेला दिलेलं आहे. मग कुणावर संशय असेल तर त्याने ग्रामसभेत उभं राहून बोलावं, ज्याच्यावर संशय आहे त्यालाही बोलू द्यावं. त्याच्याकडे दवाखान्याचा कागद असेल तर तो मोठ्याने वाचावा. चालतो का, नाचतो का, लाकूड फोडतो का, यावरून अपंगत्व ठरत नाही, ते डॉक्टर ठरवतात. डॉक्टरांनी टक्के कमी लावले असं वाटलं तर कलम 59 खाली अपील करता येतं.

पुढच्या ग्रामसभेत तीन कामं घ्यायची आहेत. पाड्यावर दाखला नसलेले किती ते घरोघर विचारून यादी करायची, पोरांची नावंही त्यात घालायची. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ते कुठे गेले ते ग्रामसेवकाला विचारायचं, लेखी. आणि ज्या पोराचं अनुदान थांबलंय त्याच्या आजाराचे कागद जोडून ठराव करायचा व तहसीलला नेऊन द्यायचा, पोच घेऊन. ठरावाचा नमुना संघटनेच्या कार्यालयात ठेवला आहे. बाजाराला याल तेव्हा घेऊन जा.