डिस्चार्ज कार्ड दिलं, की झालं का साहेब?

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. जव्हारच्या स्टँडवर मोखाड्याच्या एसटीची वाट बघत एक म्हातारे बाबा बसले होते, शेजारी मुलगा. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात गोळ्या आणि डिस्चार्ज कार्ड. एकेकाळी बोहाड्यात सोंग घेऊन नाचणारा हा माणूस कित्येक महिने कुणाशी बोलत नव्हता, जेवण तोडलं होतं. घरचे म्हणायचे, वय झालं. शेवटी लांबच्या एका रुग्णालयात निदान झालं, नैराश्य. दोन आठवडे ठेवलं आणि सोडलं.

मी विचारलं, आता पुढं? मुलगा म्हणाला, "भाऊ, परवा भट्टीवर जायचंय. मुकादमाची उचल घेतलीय. बाबा घरीच राहतील."

हे रुग्णालयात कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं!

नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, म्हातारपणी कधी जास्तच. बरं वाटलं तरी ती पुढे काही महिने घ्यावी लागते. म्हणजे खरा उपचार घरीच व्हायचा. आणि आपल्याकडची घरं दिवाळीनंतर जगायला भिवंडी-वसईकडे जातात, ती शिमग्यालाच परततात. मागं उरतात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. कार्डावर इंग्रजीत लिहिलंय, महिन्याने दाखवणे. वाचणार कोण आणि नेणार कोण?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. त्याचं कलम ९८ वाचा. रुग्णाला घरी सोडताना डॉक्टरांनी खुद्द रुग्णाशी, तो ज्यांच्याकडे राहणार त्यांच्याशी आणि पुढे उपचार करणाऱ्यांशी बोलून योजना तयार करायची आहे. ही मेहेरबानी नाही, कायदा आहे.

"स्टाफ नाही" हे उत्तर मला पाठ आहे. पदं रिकामी आहेत, ते खरंच. पण कुपोषित पोर उपचार केंद्रातून घरी येतं तेव्हा अंगणवाडीताईंना कळतं, पुढच्या तपासणीची तारीख ठरते. १९९२ च्या वावर-वांगणीनंतर आपण एवढं तरी शिकलो. मग आज्याच्या वेळी काय अडतं? डॉक्टर, नर्स, समुपदेशक आणि मुलगा दहा मिनिटं एकत्र बसले असते, तर उचलीची गोष्ट तिथंच निघाली असती. गोळ्या उपकेंद्रातून कशा मिळतील, रोज कोण देईल, शेजारची कुठली सून डबा देईल, हे ठरलं असतं. टेली-मानसचा १४४१६ नंबर चांगला आहे हो, पण आधी पाड्यावर रेंज तर हवी.

मीच त्या पाड्याच्या आशाताईंना फोन लावला. तिशीपुढच्या प्रत्येकाला विचारायच्या त्यांच्या फॉर्ममध्ये दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही का, उदास वाटतं का. ताई म्हणाल्या, "भाऊ, बाबांना ॲडमिट केलं होतं, हेच मला आत्ता तुमच्याकडून कळतंय."

हा फोन पत्रकारानं करायचा? जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी एक साधा आदेश काढावा: गावच्या आशाताईंना आणि उपकेंद्राला कळवल्याशिवाय असा एकही वृद्ध रुग्ण घरी सोडायचा नाही.

आणि मंडळी, तुमच्या पाड्यावर भट्टीच्या दिवसांत कोण म्हातारं एकटं राहतंय, ते इथं कमेंटमध्ये लिहू नका. आजच आशाताईंच्या कानावर घाला.