म्हणे, बसतं!

अडतीस वर्षं मराठी शिकवलं, पण "बसणे" या क्रियापदानं मला एवढं कधी छळलं नव्हतं. गेल्या वर्षी लेकीकडे कॅलिफोर्नियात होतो. (पुण्याच्या वहिनींनी हे सगळं फोनवर ऐकलंय, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.)

नातवाकडे माझदाची दोन सीटांची मियाटा आहे, २०१९ सालची, पुढे ब्रेंबोचे ब्रेक. मूळची चाकं १७ इंची. त्याला लगुना सेकाच्या ट्रॅकवर चालवायला १६ इंची हवी होती, टायर स्वस्त पडतात म्हणून. दुकानदारानं कॉम्प्युटरमध्ये गाडीचं साल आणि मॉडेल घातलं आणि सांगितलं, बसतं. टायर चढवून चाकं घरी आली. पुढचं चाक लावलं, हातानं फिरवलं, आणि ते अडलं! स्पोक कॅलिपरला घासत होता. कॅलिपर म्हणजे ब्रेकच्या डिस्कला दोन्हीकडून चिमट्यासारखा पकडणारा भाग. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, नट लागले ना? मग बसतं. आणि टायर चढवलेलं चाक आम्ही परत घेत नाही.

माझं भांडण इथं आहे. त्यांचा कॉम्प्युटर बघतो काय? चार भोकं १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, मधलं भोक ५४.१, चाकाची रुंदी आणि ऑफसेट. ऑफसेट ४५ म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा भाग ४५ मिलिमीटर बाहेरच्या अंगाला. बरं, तिथून पुढे स्पोक पोट सुटल्यासारखा बाहेर फुगतो की ताटासारखा सपाट जातो? ते या आकड्यात नाही. १६ इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर, पण ते टायर जिथं बसतो तिथलं माप. आतली पोकळी त्याहून लहान, आणि किती लहान ते बनवणाऱ्याच्या मर्जीवर. मुलाचा हजेरी क्रमांक, उंची आणि वजन पाहून तो कविता कशी म्हणेल हे सांगण्यातला प्रकार. आणि वर "बसतं" असं ठणकावून सांगायचं!

नातवाचे मित्र आले. एक म्हणाला, मध्ये पाच मिलिमीटरची चकती घाल, चाक बाहेर सरकेल. सरकेल की! पण स्टड तेवढाच राहतो. त्याचे आटे दीड मिलिमीटरचे, म्हणजे पाच भागिले दीड, तीनच्या वर आटे नटाच्या हातून गेले. शिवाय हबची जी कड चाकाला मध्यावर धरते तीही चकतीत बुडते. लांब स्टड आणि मध्यावर धरणारी चकती घालून हे नीट करता येतं, मला मान्य आहे. त्याच्या मनात ते नव्हतं.

दुसरा त्याहून वरताण. म्हणाला, कॅलिपरचा कोपरा ग्राइंडरनं घासून टाकू, आजोबा, सगळे करतात. अरे, सगळे कॉपी करतात म्हणून मी कधी पेपर तपासायचे सोडले नाहीत. ताशी दीडशेच्या वेगात पाय ज्याच्या भरवशावर दाबायचा, तोच धातू चाकाच्या सोयीसाठी पातळ करायचा? मी खरंच आवाज चढवला. लेक आतून धावत आली.

उपाय साधा आहे, आणि तो टायर चढवण्याआधीचा आहे. विलवूडसारखे ब्रेकवाले कॅलिपरच्या आकाराचा मूळ मापाचा नकाशा देतात. तो छापायचा, छपाईत आकसला नाही ना ते पट्टीनं मोजायचं, पुठ्ठ्यावर कापायचा आणि चाकाच्या आत धरून फिरवायचा. आमच्याकडे पुठ्ठा नव्हता. मी लेकीच्या परातीतली कणीक घेतली, गोळ्या करून प्लास्टिकमध्ये गुंडाळून कॅलिपरवर चिकटवल्या. चाक लावून हळूच एक फेरा. काढून पाहिलं तर एका जागी कणीक पार पिळवटून गेलेली. मग मित्राचं दुसरं चाक लावलं. तेही १६ इंची, तीच भोकं, तोच ऑफसेट ४५. कणीक चार मिलिमीटर शिल्लक! आकडे तेच होते, स्पोकचा बाक तेवढा वेगळा.

निदान तीन मिलिमीटर तरी मोकळे हवेत असं माझं म्हणणं. वळणावर चाक थोडं लवतं, आणि बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं आत, नेमकी कॅलिपरसमोर लागली तर तीही काही मिलिमीटर खातात. नातू म्हणाला, दोन पुरतील. अजून वाद चालू आहे.

ती चारही चाकं टायरांसकट गॅरेजात उभी आहेत. गाडी जुन्या १७ इंचीवरच ट्रॅकवर गेली. लेकीनं त्या कणकेच्या पोळ्या करायला साफ नकार दिला.