बूच उघडणारा हात

पनवेल आणि भोवतालच्या वसाहतींत गेल्या काही वर्षांत रुग्णालयांची मोठी भर पडली आहे. त्यांच्या जाहिराती वाचल्या म्हणजे यंत्रांची नावे, शस्त्रक्रियागृहांची वर्णने आणि सर्जनांच्या पदव्यांच्या माळा पाहून डोळे दिपून जातात. रात्रपाळीच्या एका परिचारिकेकडे किती खाटा सोपविलेल्या असतात, ही माहिती मात्र आमच्या पाहण्यात आलेल्या एकाही जाहिरातीत नाही. द्रुतगती मार्गावर जखमी झालेल्या प्रवाशाच्या किंवा तालुक्यातील खेड्यांतून येणाऱ्या बाळंतिणीच्या दृष्टीने तीच माहिती सर्वांत मोलाची आहे, असे आम्हांस वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी संपन्न देशांत ७, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तेथेच नवा जंतुसंसर्ग जडतो. आणि अशा दर १० जणांमागे एक दगावतो. घरून एक व्याधी घेऊन आलेल्या माणसाला रुग्णालयाने दुसरी द्यावी, असा हा प्रकार आहे. सलाईनची सुई, लघवीची नळी, जखमेवरची पट्टी या जंतूंच्या ठरलेल्या वाटा. आणि या वाटांवर पहारा परिचारिकेचा असतो.

हा पहारा क्षणभर ढळला तर काय होते, याचा दाखला आपल्या परळच्या प्रयोगशाळेशी निगडित आहे. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची लस १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. चौकशी मंडळाने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे जो पुरावा उजेडात आला तो विलक्षण होता. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट तापवून निर्जंतुक करण्याऐवजी त्याने कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळला आणि त्याच चिमट्याने बूच ओढले! १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. ज्या प्रयोगशाळेवर ठपका आला होता, तिलाच १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

येथे त्या मदतनिसाला बोल लावून मोकळे होणे सोपे आहे. आपल्याकडे रुग्णाच्या जखमेत पू झाला की असेच होते. चौकशी होते, एका सिस्टरला नोटीस जाते आणि व्यवस्थापन हात धुऊन मोकळे होते. (धुण्याचा हा एक प्रकार तेथे विनाविलंब पार पडतो.) परंतु थोडा हिशेब करून पाहावा. द्रवाने हात निर्जंतुक करण्यास २० ते ३० सेकंद, साबणपाण्याने ४० ते ६० सेकंद लागतात. एका परिचारिकेकडे २० रुग्ण आहेत आणि प्रत्येकास ती पाळीत सहाच वेळा हात लावते, असे धरू. स्पर्शापूर्वी एकदा व नंतर एकदा, म्हणजे २४० वेळा हात चोळणे झाले. प्रत्येक वेळी ३० सेकंद धरल्यास त्याचे दोन तास होतात! रुग्ण पाचच असतील तर हेच काम अर्ध्या तासात उरकते. आठ तासांच्या पाळीत औषधे, नोंदी, नातलगांची विचारणा आणि डॉक्टरांची फेरी सांभाळून हे दोन तास तिने कोठून आणावयाचे? मग एकच हातमोजा तीन खाटांवर फिरतो. त्याने तिचा स्वतःचा हात स्वच्छ राहतो. रुग्णाच्या पदरी शेजारच्या खाटेवरचे जंतू पडतात.

या व्यवहारातील खरी मेख निराळीच आहे. परिचारिका कमी नेमल्याने वाचलेला पगार संस्थेच्या खात्यात जमा होतो. आणि त्यापायी जडलेल्या संसर्गाची महागडी प्रतिजैविके, वाढलेले मुक्कामाचे दिवस, अतिदक्षता विभागाचे भाडे हे सर्व रुग्णाच्या बिलात चढते. ज्याच्या काटकसरीने हानी होते त्यास तिची तोशीस लागत नाही. अशा स्थितीत नुसत्या उपदेशाने किंवा भिंतीवर चिकटविलेल्या हात धुण्याच्या चित्रांनी काही सुधारेल, असे आम्ही मानत नाही. सरकारी रुग्णालयांत नफ्याचा प्रश्न नसला, तरी रिक्त पदे वर्षानुवर्षे न भरल्याचा परिणाम रुग्णाला तोच भोगावा लागतो.

पनवेलला १८५२ साली नगरपालिका मिळाली आणि २०१६ साली महानगरपालिका. खासगी शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या कायद्यान्वये महानगरपालिकेकडे आहे आणि २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते. त्याच दरपत्रकाशेजारी आणखी एक फळा टांगण्यास महानगरपालिकेने भाग पाडावे, अशी आमची मागणी आहे. या पाळीत दाखल रुग्ण किती आणि कामावर हजर असलेल्या नोंदणीकृत परिचारिका किती, हे दोन आकडे त्यावर दर आठ तासांनी खडूने लिहिलेले असावेत. आणि ते रुग्णाच्या नातलगास अनामत रक्कम भरण्यापूर्वी वाचता यावेत.